योनीमार्गाचा संसर्ग: आधी घरगुती उपाय की आधी तपासणी?

रानफूल
या विषयावर बायका एकमेकींशीही कुजबुजतच बोलतात, म्हणून मुद्दाम मोकळेपणाने लिहिते. गेल्या वर्षभरात मला तीनदा अंगावरून पांढरं जाणं, खाज आणि आग असा त्रास झाला. पहिल्या दोन्ही वेळी डॉक्टरांनी गोळी दिली. चार दिवसांत बरं वाटलं आणि दोन-अडीच महिन्यांत पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मी गेलेच नाही. सुगंधी साबण बंद केला, घट्ट कपडे टाळले, सुती अंतर्वस्त्रं वापरली, रोज दही खाल्लं. आठवडाभरात सगळं शमलं.

योनीमार्ग स्वतःची राखण स्वतः करतो. तिथले लॅक्टोबॅसिलस जिवाणू ग्लायकोजेन या साठवणीच्या साखरेपासून लॅक्टिक आम्ल तयार करतात, म्हणून तिथला सामू (pH, आम्लतेचं माप) ३.८ ते ४.५ असा आम्लधर्मी राहतो आणि उपद्रवी जंतूंना पाय रोवता येत नाहीत. ही राखण ढासळली की संसर्ग होतो. मग आधी ती उभी करावी, औषध नंतर, असं माझं स्पष्ट मत आहे.

पारवा
साबण आणि कपड्यांबाबत शंभर टक्के सहमत. बाकी निष्कर्षाशी मात्र अजिबात नाही.

"पांढरं जातं" हे लक्षण आहे, आजार नव्हे. नेहमी आढळणारे आजार तीन. बुरशीच्या संसर्गात स्राव दह्याच्या कवडीसारखा घट्ट असतो, खाज खूप असते, वास फारसा नसतो. बॅक्टेरियल व्हजायनोसिसमध्ये, म्हणजे चांगले जिवाणू कमी होऊन दुसरे वाढतात तेव्हा, तो पातळ, करडा-पांढरा असतो आणि माशासारखा वास येतो. ट्रायकोमोनास हा लैंगिक संबंधातून पसरणारा परजीवी. त्यात बरेचदा पिवळट-हिरवट, फेसाळ स्राव असतो. तिन्हींची औषधं सारखी नाहीत. बुरशीवरची गोळी बाकीच्या दोन्हींवर निरुपयोगी.

आणखी एक. बुरशीच्या संसर्गात सामू बहुतेक वेळा नेहमीसारखाच, म्हणजे ४.५च्या आतच असतो. आम्लता कमी झाली म्हणून बुरशी वाढली, हे तुमचं गणित तिथे बसत नाही. ते व्हजायनोसिसला लागू पडतं. आणि अनेकींना बुरशीचा त्रास पाळीच्या आधीच्या आठवड्यात वाढतो, पाळी आली की उतरतो. तिसऱ्या वेळी तुमची पाळी कधी आली होती, आठवतं का?

सावली
पारवा, तुमचं सगळं बरोबर असेल, पण आमच्यासारख्यांना जो अनुभव येतो त्याचं काय? मी दवाखान्यात गेले, दोन वाक्यं बोलले, आणि तिसरं वाक्य पुरं व्हायच्या आत चिठ्ठी हातात आली. तपासणी नाही, नमुना नाही. "लग्न झालंय ना? होतं असं." या एका वाक्यावर मला घरी पाठवलं. पुन्हा जाताना पाय अडखळले, ते उगीच नाही. घरी स्वतःच्या हाताने काही केलं की निदान अपमान तरी होत नाही. घरगुती उपाय करणाऱ्या बाईला अडाणी ठरवायच्या आधी ती तिथे का पोहोचली हे बघा. मी रानफूलच्या बाजूने.

काचपट्टी
सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काम करते, म्हणून सावलीचं म्हणणं मला सगळ्यात जास्त लागलं. कारण ही तपासणी इतकी साधी आहे! स्रावाचा थेंब काचेवर घ्यायचा, सलाइन मिसळायचं, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. नमुना ताजा असेल तर ट्रायकोमोनास शेपट्या हलवत फिरताना दिसू शकतो. उशीर झाला की तो हलायचा थांबतो आणि हातचा निसटतो. दुसऱ्या थेंबात पोटॅशियम हायड्रॉक्साइड घातलं की पेशी विरघळतात आणि बुरशीचे धागे उघडे पडतात. व्हजायनोसिस असेल तर पेशींच्या कडा जिवाणूंनी लडबडून धूसर झालेल्या असतात. सामूची पट्टी तर क्षणात रंग दाखवते. न तपासता चिठ्ठी देणं ही चूक आहेच. पण तिच्यावर उतारा म्हणून न तपासताच दुसरं काही लावायचं, तर चूक तीच राहते.

स्वतःचं निदान स्वतः करण्याबद्दल: अमेरिकेत २००२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्याला बुरशीच झाली असं समजून औषध विकत घेणाऱ्या ९५ स्त्रियांना तपासलं, तर सुमारे एक तृतीयांश जणींनाच खरोखर तो संसर्ग होता.

आता दही. जरूर खा. पण दही लावणारे जिवाणू आणि निरोगी योनीमार्गात राहणारे जिवाणू एकाच जातीचे नसतात. तिथे मुख्यतः लॅक्टोबॅसिलस क्रिस्पॅटससारख्या जाती हव्यात. हाच क्रिस्पॅटस थेट योनीमार्गात देऊन २२८ स्त्रियांवर चाचणी झाली, २०२० साली निकाल आले. आधी प्रतिजैविकाने व्हजायनोसिस बरा केला, मग हा जिवाणू दिला. १२ आठवड्यांत ३० टक्के जणींना आजार उलटला, तुलनेसाठी हा जिवाणू नसलेलं नुसतं दिखाऊ औषध मिळालेल्यांमध्ये ४५ टक्के जणींना. म्हणजे रानफूलची कल्पना मुळात खोटी नाही. फक्त क्रम उलटा आहे: आधी उपचार, मग राखणदार.

ओंजळ
लसणाबद्दल कोणी बोलत नाहीये म्हणून मी बोलते. एका ओळखीच्या बाईने सांगितलं म्हणून सोललेली पाकळी रात्रभर आत ठेवली. पहाटे जी आग सुरू झाली ती तीन दिवस लघवीला जाताना रडवत होती. आतली त्वचा फार नाजूक असते. टी ट्री ऑइल, व्हिनेगर, सोडा, काहीही आत घालू नका ग. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी नव्हे, हे मी भोगून सांगते.

मध्यान्ह
आतून धुण्याबद्दलही लिहायला हवं. मला लहानपणापासून सांगितलं गेलं की आतपर्यंत पाणी घालून धुतलं की स्वच्छ. मी पंधरा वर्षं तेच केलं. त्याने चांगले जिवाणू वाहून जातात आणि व्हजायनोसिसचा धोका वाढतो, हे चाळिशीत कळलं. बाहेरची बाजू साध्या पाण्याने धुवायची, बस. आत हात लावायचा नाही. ज्या सवयीला स्वच्छता समजत होते तीच त्रास देत होती, याचं आजही वाईट वाटतं.

बोरिक ॲसिडच्या कॅप्सूलबद्दल कोणाला माहिती आहे का? ते तर खनिज, नैसर्गिकच ना?

पारवा
मध्यान्ह, ते औषध म्हणूनच बघा. नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या बुरशीसाठी ६०० मिलिग्रॅमची कॅप्सूल योनीमार्गात ठेवायला डॉक्टर सांगतात. पोटात गेलं तर ते विष आहे आणि गरोदरपणात वापरायचं नाही. लहान मुलांच्या हाती लागेल असं ठेवूही नका.

आणि रानफूल, "गोळीने पुन्हा उलटतं" यावर: त्रास बुरशीचाच असेल आणि वर्षातून तीन किंवा जास्त वेळा झाला तर तो वारंवार होणारा संसर्ग धरतात. त्याला एक गोळी पुरत नाही. सुरुवातीच्या उपचारानंतर फ्लुकोनॅझोल ही बुरशीवरची गोळी आठवड्यातून एकदा, असे सहा महिने देतात. काही जातींची बुरशी या गोळीला दाद देत नाही, म्हणून आधी कल्चर करून, म्हणजे नमुन्यातली बुरशी प्रयोगशाळेत वाढवून, जात बघायची. गरोदर असाल तर ही गोळी घ्यायची नाही, तेव्हा लावायची औषधं असतात. तुमचा उपचार फसला नाही, तो अर्धाच झाला.

सावली
आणि नवऱ्याचं काय? सगळं ओझं बाईच्याच अंगावर?

काचपट्टी
बरोबर जागी बोट ठेवलंत. ट्रायकोमोनासमध्ये जोडीदाराला औषध द्यायलाच लागतं. व्हजायनोसिसमध्ये आजवर देत नसत. २०२५ साली ऑस्ट्रेलियातल्या चाचणीचा निकाल आला: पुरुष जोडीदारालाही सात दिवस गोळ्या आणि मलम दिलं, तर १२ आठवड्यांत ३५ टक्के स्त्रियांना आजार उलटला, फक्त स्त्रीलाच औषध दिलं तिथे ६३ टक्के. कित्येक बायका इतकी वर्षं स्वतःच्या "अस्वच्छते"ला दोष देत बसल्या, हे आठवलं की चीड येते.

ओंजळ
साखर तपासून घ्या, एवढं जोडते. माझ्या बहिणीला वारंवार बुरशी व्हायची, तिथून मधुमेह सापडला. प्रतिजैविकं घेतल्यावरही असा त्रास होतो. आणि पाळी कायमची गेल्यावर इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी झालं की कोरडेपणाने खाज येते. ती बुरशी नसतेच, तिथे दही आणि गोळी दोन्ही फुकट.

रानफूल
सगळं दोनदा वाचलं. पारवा, कॅलेंडर काढून पाहिलं. तिसऱ्या वेळी शमलं त्याच्या आदल्या दिवशी पाळी आली होती. हे कबूल करते.

तरीही एक गोष्ट सोडत नाही. प्रतिबंधाच्या बाबतीत मी म्हणत होते तेच तुम्ही सगळ्या म्हणताय: साबण नको, आतून धुणं नको, घाम धरणारे कपडे नकोत. हे मला कुठल्याही दवाखान्यात कोणी सांगितलं नव्हतं. चिठ्ठीवर गोळीचं नाव असतं, पण हे दोन शब्द नसतात. म्हणून मी उपचारांपासून लांब गेले. आता पुन्हा त्रास सुरू झालाय, कालपासून. या वेळी जाईन आणि नमुना घ्या असं स्वतः सांगेन. नाही म्हणाले तर दुसरीकडे जाईन.

काचपट्टी
जा. तोवर आत काहीही लावू नका, मलम नाही, दहीही नाही; नाहीतर काचेवर नीट दिसत नाही. पाळी सुरू असेल तर आधी फोन करून विचारा. आणि ताप, ओटीपोटात दुखणं किंवा गरोदर असण्याची शक्यता, यातलं काहीही असेल तर पाळी संपायची वाट न बघता आजच जा.