बाबांचा जुना लुडविग ड्रमसेट: किंमत कशी ठरवायची?

नीलिमा_डोंबिवली

नमस्कार. माझे बाबा गेल्या वर्षी गेले. दिवसा रेल्वेत नोकरी आणि रात्री ऑर्केस्ट्रात ड्रम, असं त्यांचं वीस वर्षं चाललं होतं. गणपतीचे दहा दिवस तर आम्हाला ते फक्त सकाळी झोपलेले दिसायचे. त्यांचा ड्रमसेट माळ्यावर आहे. १९७४ साली एका बोटीवरच्या बँडमधल्या वादकाकडून त्यांनी तो हप्त्याहप्त्याने घेतला होता, एवढं आईला आठवतं.

जुन्या वस्तू घेणारे एक गृहस्थ बघून गेले. आधी चाळीस हजार म्हणाले, दुसऱ्या दिवशी फोन करून पंचावन्न. त्यांनी इतक्या लगेच वाढवून दिले म्हणून मला शंका आली. भाच्याने नेटवर असाच सेट ४,५०० डॉलरला लावलेला दाखवला. आता मला काहीच कळेनासं झालंय.

सेट निळा, चमचमणारा आहे, पण एका बाजूने हिरवट झालाय. बेस ड्रमवर बाबांनी जादा भोकं पाडून घेतली होती. स्नेअर ड्रमचा क्रोमचा मुलामा जागोजागी फुगून सुटलाय. दसऱ्याला त्याची पूजा व्हायची, त्यामुळे ड्रमवरच्या कंपनीच्या बिल्ल्याच्या खाचांत कुंकू बसलंय. सिंबल्स आई दर दसऱ्याला चिंचेने घासायची, ती अजून लखलखीत आहेत. विकायच्या आधी बाकीचं पण पॉलिश करून घ्यावं का?

रोहन_पुणे

ताई, नेटवर लावलेली किंमत म्हणजे विकणाऱ्याची इच्छा. तोच सेट वर्षभर ४,५०० वर पडून असू शकतो. ईबेवर फक्त विकल्या गेलेल्या वस्तू दाखवायची सोय आहे, ती लावून बघा. आकडा बराच खाली येईल. बाकी या विषयातले सुधाकरकाका सांगतीलच.

सुधाकर_नेपरव्हिल

नीलिमाताई, आधी एक विनंती. कशालाही हात लावू नका. पॉलिश नाही, पाणी नाही, चिंच तर अजिबात नाही. आणि त्या गृहस्थांना आठ दिवस थांबायला सांगा.

मी मूळचा सांगलीचा. १९८६ पासून शिकागोच्या बाहेर राहतो आणि पंचवीस-सव्वीस वर्षं जुने अमेरिकन ड्रम जमवतो आहे. लुडविगचा कारखाना याच शहरातला, डेमन ॲव्हेन्यूवरचा. १९८४ मध्ये उत्पादन नॉर्थ कॅरोलिनातल्या मन्रोला गेलं. या भागातली जुनी घरं रिकामी होतात तेव्हा तळघरांतून अजूनही हे सेट निघतात. तुमच्या बाबांचा सेट इथे तयार होऊन बोटीने मुंबईला गेला आणि गणपतीच्या मांडवात वाजला, हे वाचून मी बराच वेळ तसाच बसून राहिलो.

आता कामाचं. मला चार गोष्टी हव्यात.

बिल्ला कसा आहे? वर रुंद आणि खाली निमुळता, कमानीच्या मधल्या दगडासारखा पितळी बिल्ला असेल तर सेट साठच्या दशकातला. निळा आणि हिरवट-करडा, टोकदार कोपऱ्यांचा असेल तर सत्तरच्या दशकातला. दोन्हींच्या भावात चांगलाच फरक पडतो. बिल्ल्यावर आकडा असेल तोही कळवा, पण त्यावरून वर्ष पक्कं ठरत नाही, कारण कारखान्यात बिल्ले क्रमाने लावलेच जात नसत. वर्ष सांगतो तो आतला शिक्का. हेड, म्हणजे वरचा ताणलेला पडदा, काढून विजेरीने बघा. लाकडावर लाल शाईत तारीख असते, निदान पुष्कळदा असते.

आतला रंग कोणता? पांढरा, करडा ठिपकेदार, की नुसतं लाकूड?

ड्रम किती इंची? व्यास आणि खोली, दोन्ही मोजा.

आणि प्रत्येक भोकाचा फोटो. प्रत्येक.

हिरवटपणाची काळजी करू नका. रंग उडालेला नाही. चमकीवरचा पारदर्शक थर वयाने पिवळा पडतो आणि पिवळ्याखालचं निळं हिरवं दिसतं. एखादा लग, म्हणजे बाजूला बसवलेला स्क्रू अडकवायचा धातूचा तुकडा, सोडवला तर त्याखाली मूळचा निळा तसाच सापडेल. नवीन प्लास्टिक चढवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. मूळ आवरण काढलं की किंमत जवळजवळ निम्मी होते.

नीलिमा_डोंबिवली

काका, आज सुट्टी काढून सगळं खाली उतरवलं. बिल्ला तुम्ही म्हणता तसा पितळी आहे, आकड्यासह. आतून करडा, ठिपके ठिपके. बेस २२ बाय १४, लहान टॉम (बेसवरचा ड्रम) १३ बाय ९, मोठा १६ बाय १६, स्नेअर १४ बाय ५. लहान टॉममध्ये लाल शिक्का आहे: जून ८ १९६६. मोठ्यात पण जून १९६६, दिवस पुसट आहे. बेसमध्ये काही दिसत नाही.

जादा भोकं बेसला चार आहेत. दोन सिंबलच्या दांड्यासाठी, दोन कशासाठी ते कळत नाही. मोठ्या टॉमच्या एका पायाचा ब्रॅकेट लोखंडी, इथे बनवून घेतलेला वाटतो.

सुधाकर_नेपरव्हिल

छान मोजलंत. हा लुडविगचा सुपर क्लासिक नावाचा सेट. २२, १३, १६ आणि सोबत सुप्राफोनिक ४०० स्नेअर. टॉम एकाच महिन्यातले आहेत, म्हणजे सेट जन्मापासून एकत्र असण्याची शक्यता दाट. याला मी फार महत्त्व देतो.

किंमत कशी चढते-उतरते ते जरा सविस्तर सांगतो, कारण ते कळलं की कोणाच्याही आकड्याने तुम्ही गांगरणार नाही.

९ फेब्रुवारी १९६४ ला बीटल्स पहिल्यांदा अमेरिकन टीव्हीवर थेट वाजवायला आले. सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांनी तो कार्यक्रम पाहिला. त्यांचा ड्रमर रिंगो स्टार ज्याच्या मागे बसला होता त्या काळ्या शिंपल्यासारख्या रंगाच्या सेटवर लुडविगचं नाव ठळक होतं. त्यानंतर मागणी इतकी वाढली की कारखाना रात्रंदिवस चालवावा लागला. तुमचा सेट याच धबडग्यातला. त्यामुळे १९६४ ते ६७ चे लुडविग दुर्मीळ मुळीच नाहीत, हजारोंनी निघालेत. तरीही त्यांना भाव आहे, कारण मागणारे त्याहून जास्त आहेत. ज्या पोरांनी तो कार्यक्रम बघून वडिलांकडे ड्रमचा हट्ट धरला, ती मोठी झाली, हातात पैसा आला आणि तोच सेट शोधत फिरू लागली.

उलट बाजू मी स्वतः सोसली आहे. स्लिंगरलँड कंपनीचा रेडिओ किंग स्नेअर म्हणजे वाफेवर वाकवलेली मेपलची एकच अखंड फळी. जॅझ ड्रमर जीन क्रुपा तो वाजवायचा. माझ्या मते कारागिरीत तो लुडविगपेक्षा सरस. मी एक १,८०० डॉलरला घेतला आणि बारा वर्षांनी ९०० ला दिला. ड्रमला काहीही झालं नव्हतं. क्रुपाला ऐकत वाढलेले लोक एकेक करून गेले आणि त्यांच्या घरचे रेडिओ किंग एकदम बाजारात आले. ओहायोतल्या कॉव्हिंग्टनमध्ये बनलेल्या रॉजर्स ड्रमचंही तसंच: सांधे आणि स्क्रू लुडविगपेक्षा कितीतरी नेमके, पण भाव कमी.

मापालाही किंमत असते. जॅझवाल्यांना छोटे ड्रम हवे असतात. म्हणून लुडविगचाच २० इंची बेसचा डाऊनबीट सेट तुमच्या २२ इंचीपेक्षा महाग जातो, आणि ग्रेच कंपनीचा ब्रुकलिनमध्ये बनलेला १८ इंची बेस तर त्याहून कितीतरी. १८ इंचीला इतकी ओढ आहे की लोक मोठे बेस कापून १८ चे करतात आणि मूळचे म्हणून विकायला आणतात. ते बघून मला मनापासून वाईट वाटतं.

रिंगोचा एक सेट २०१५ मध्ये लिलावात वीस लाख डॉलरच्या वर गेला. ती बातमी कोणी दाखवली तर बाजूला ठेवा. ती रिंगोच्या हाताची किंमत होती. त्याचा इतर सेटशी संबंध नाही.

तुमच्या सेटबद्दल: एकही जादा भोक नसलेला, चमक शाबूत असलेला निळा सुपर क्लासिक इथे दीड ते दोन हजार डॉलरला जाताना मी पाहतो. स्नेअर धरून थोडा अधिक. भोकामागे मी स्वतः शे-दोनशे कमी देतो, बदललेल्या ब्रॅकेटचे पन्नास. स्नेअरचा क्रोम सुटतो कारण खाली ॲल्युमिनियम आहे. दमट हवा क्रोमच्या बारीक छिद्रांतून आत शिरते, धातू गंजतो आणि क्रोम फुगून वर येतो. समुद्राजवळचा न फुगलेला सुप्राफोनिक मी आजवर पाहिलेला नाही. आवाजाला फरक पडत नाही, किमतीला पडतो. सगळं धरून इथे तो हजार-अकराशे डॉलरचा, म्हणजे रुपयांत नव्वद हजारांच्या आसपास. पण तो इथे आहे असं धरून.

तिथून पाठवायचं गणित वेगळं. विमानाने कुरियर केलं तर भाडं आकारमानावर लागतं: सेंटिमीटरमध्ये लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले ५,०००. बेसचं खोकं ६५ बाय ६५ बाय ४५ धरलं तर ३८ किलोचं भाडं, ड्रम प्रत्यक्षात त्याच्या पावही नसताना. नफा विमानातच संपेल.

तेव्हा पंचावन्न हजार हा लुबाडणुकीचा आकडा नाही. मला भीती दुसरीच आहे. असे सेट घेऊन सोडवतात. लग वेगळे, हेड दाबून धरणारे हूप वेगळे, आवाज दाबणारे आतले मफलर वेगळे, बिल्लासुद्धा वेगळा. सुट्या भागांची बेरीज अखंड सेटपेक्षा जास्त होते आणि ते लहान खोक्यांत कुठेही जातात. उरलेली रिकामी लाकडी कडी, म्हणजे ड्रमची नुसती गोल अंगं, कोणाच्या तरी हॉटेलात दिवा होऊन लटकतात. जून १९६६ पासून एकत्र असलेली चार भांडी आहेत ही. कोणालाही द्या, पण एकत्र द्या, एवढंच माझं मागणं आहे.

सिंबलवर शिक्का काय आहे?

वसई_पापडी

सुधाकरकाकांना मान देऊन थोडं वेगळं बोलतो. मी वसईत वाजवतो, लग्नं आणि चर्चचे सण, आणि आजूबाजूच्या वादकांचे ड्रम दुरुस्त करून देतो. त्या काळात बाहेरचं वाद्य इथे आणणं फार कठीण होतं. म्हणून जे आलं ते बोटीवरच्या माणसांच्या हातून आलं, आणि आलं ते रोज वाजलं. भोकं का पडली? दांडा मिळत नव्हता, स्टँड मिळत नव्हता, तर लोहाराकडून करून घेतला आणि ड्रमलाच ठोकला. ती दोन न कळणारी भोकं बहुतेक काउबेलची, म्हणजे काठीने वाजवायच्या धातूच्या घंटेची असतील, किंवा दुसऱ्या टॉमची.

इथल्या बाजारात हे घेणारे फार कमी. आजच्या पोरांना पर्ल नाहीतर तामा कंपनीचा नवीन सेट हवा, आणि त्यात त्यांची चूक नाही, रोज रात्री उचलून न्यायचा असतो. पण रेकॉर्डिंग करणारे काही जण जुन्या तीन पदरी लाकडाचा तो बसका, उबदार आवाज शोधत असतात. असा माणूस मिळाला तर सेट अखंड राहील आणि वाजेल पण.

माझं म्हणणं एवढंच की पन्नास पावसाळे खाल्लेल्या कडीची धार, जिच्यावर हेड बसतं ती, एकसारखी राहत नाही. ती सपाट करून घेतल्याशिवाय सूर लागत नाही. ती करून घ्यावी.

सुधाकर_नेपरव्हिल

वसईकर, काउबेलचं तुमचं बरोबर वाटतं, ते मला सुचलं नव्हतं. पण धारेला रंधा लावू नका. त्या काळची लुडविगची धार मुळातच बोथट, गोलसर असते आणि तो उबदार आवाज तिच्यातूनही येतो. आधी सपाट काचेवर कडी पालथी ठेवून आत दिवा लावा. उजेड कुठून येतो ते बघा. एखाद्या ठिकाणी कागदभर फट असेल तर नवीन हेड ते सांभाळून घेतं. बोट जाईल एवढी असेल तर मग बोलू.

नीलिमा_डोंबिवली

सिंबलवर काहीच वाचता येत नाही, काका. घासून घासून शिक्का गेलाय. एकावर तिरक्या उजेडात "झिल" एवढं दिसतं.

सुधाकर_नेपरव्हिल

मग झिल्डजियन, निदान एक तरी. शिक्का गेल्यामुळे पैशात नुकसान आहे, ते लपवत नाही. काळपट राहिलं असतं आणि अक्षरं असती तर भाव बराच वर असता. पण आईंना हे सांगू नका. त्यांनी पूजेच्या वस्तूची सेवा केली. वजन करून ठेवा, ग्रॅममध्ये, आणि व्यास मोजा. सिंबल शोधणारे वजनावरून पारख करतात. बिल्ल्यातलं कुंकू काढू नका.

वसई_पापडी

काका, काचेची युक्ती पटली. माझ्याकडे पाच फुटी काच आहे. ताई, मी रविवारी दुपारी डोंबिवलीत एका बारशाला आहे, सोबत घेऊन येतो. पैसे नकोत. फक्त मी येईपर्यंत हूपचे स्क्रू आणखी फिरवू नका. गंजलेले असतील तर आटा निघून येतो.

नीलिमा_डोंबिवली

या. पत्ता व्यक्तिगत निरोपातून पाठवलाय. त्या गृहस्थांना आज फोन करून नाही सांगितलं. वजन केलं: मोठं सिंबल २,१४० ग्रॅम, २० इंच. आईने विचारलं इतकं काय मोजतेस, तर म्हटलं बाबांचं सामान नीट लावतेय. मग तिनेच सांगितलं की ती दोन भोकं काउबेलचीच. काउबेल स्वयंपाकघरात आहे, खलबत्त्याच्या मागे.