भोपाळ २०२४: तिकीट कापलं, पण जाब कोणी दिला?

सरळरेघ:
भाजपची लोकसभेची पहिली यादी २ मार्च २०२४ ला आली. भोपाळपुढे विद्यमान खासदार प्रज्ञासिंह ठाकूर यांचं नाव नव्हतं, माजी महापौर आलोक शर्मा यांचं होतं. शर्मा ५ लाखांहून जास्त मतांनी निवडून आले आणि तेव्हापासून 'पक्षाने दुरुस्ती केली, विषय संपला' असं ऐकतोय. मला हे अजिबात पटत नाही.

२०१९ ला प्रज्ञासिंहांना उमेदवारी मिळाली तेव्हा त्यांच्यावर मालेगाव स्फोटाचा खटला चालू होता, त्या जामिनावर होत्या. त्या स्फोटाचा तपास करणारे हेमंत करकरे आपल्या शापामुळे गेले, असं त्या प्रचारात बोलल्या. २६/११ च्या रात्री अतिरेक्यांच्या गोळ्या झेललेल्या अधिकाऱ्याबद्दल! पाठोपाठ गोडसेला देशभक्त म्हणाल्या. त्यावर मनापासून माफ करू शकणार नाही, असं खुद्द पंतप्रधान म्हणाले. तरी खासदारकी पाच वर्षं चालली. मग एक दिवस यादीत नाव नाही, बस्स. नव्या उमेदवाराला या सगळ्याचं उत्तर देण्याची गरजच उरली नाही. मालेगावात माणसं मेली, करकरे आपल्या मुंबईत गेले. आपण तरी हा विषय संपला म्हणू नये.

पारावरचा:
पक्षाने आणखी काय करायला हवं होतं? तिकीट नाकारणं ही पक्षाच्या हातातली सर्वांत मोठी शिक्षा आहे. करकरेंबद्दलचं विधान त्यांनी मागे घेतलं होतं. नोव्हेंबर २०१९ मध्ये लोकसभेत पुन्हा गोडसे प्रकरण झालं, तेव्हा संरक्षणविषयक सल्लागार समितीतून त्यांचं नाव काढलं. आणि खटल्याचं म्हणाल तर ३१ जुलै २०२५ ला विशेष न्यायालयाने सातही आरोपींना निर्दोष सोडलं, तेही लिहा की. २०१९ ला मताधिक्य ३ लाख ६४ हजार होतं, २०२४ ला ५ लाखांवर गेलं. लोकांनी बदल स्वीकारला, याहून वेगळा कौल कसा असतो?

सरळरेघ:
निर्दोष सुटल्या हे मान्य. पण माझा आक्षेप खटल्यावर नाही, त्या जे बोलल्या त्यावर आहे, आणि ते सगळ्यांनी ऐकलंय. मताधिक्याचं म्हणाल तर २०१९ ला समोर दिग्विजय सिंह होते, दहा वर्षांचे माजी मुख्यमंत्री. २०२४ ला काँग्रेसने दिलेले अरुण श्रीवास्तव राज्यात फारसे कोणाला माहीतही नव्हते. शिवाय त्या वर्षी मध्य प्रदेशातल्या २९ पैकी २९ जागा भाजपने जिंकल्या. एवढ्या लाटेत कोणता आकडा प्रज्ञासिंहांबद्दल बोलतो आणि कोणता मोदींबद्दल, हे कसं वेगळं काढणार?

रेवाकाठ:
दोघेही उमेदवाराला फार महत्त्व देताय. भोपाळ १९८९ पासून भाजपकडे आहे. सुशीलचंद्र वर्मा, उमा भारती, कैलाश जोशी, आलोक संजर, मग प्रज्ञासिंह. याच आलोक शर्मांना २०२३ च्या विधानसभेला भोपाळ उत्तरमध्ये काँग्रेसच्या आतिफ अकील यांनी पाडलं होतं. वर्षही उलटलं नाही आणि त्याच शहरातून ते लोकसभेला ५ लाखांनी आले. माणूस तोच, फक्त निवडणूक वेगळी. अशा मतदारसंघात खासदार कोण हे दिल्लीत निवडणूक समितीच्या बैठकीत ठरतं, मतदानाला फक्त शिक्का बसतो. त्यामुळे सरळरेघ यांचा राग बरोबर आहे, पण माझ्या मते त्यातला निम्मा काँग्रेसवर निघायला हवा. पस्तीस वर्षांत त्यांना तिथे एक चेहरा उभा करता आला नाही, ही साधी गोष्ट नाही.

पारावरचा:
काँग्रेसबद्दल सहमत. पण मतदार इतका हतबल नसतो हो. शेजारी इंदूरमध्ये त्याच निवडणुकीत काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतला, तर २ लाख १८ हजारांवर लोकांनी नोटा दाबलं. राग असला की तो दिसतो. भोपाळमध्ये दिसला नाही.

सरळरेघ:
आणि त्या २ लाख १८ हजारांचं पुढे काय झालं? भाजपचे शंकर लालवानी ११ लाखांहून जास्त मताधिक्याने खासदार झाले. नोटातून राग दिसतो, पण कारण विचारता येत नाही.

माझी मागणी छोटी आहे. गुन्हे दाखल असलेला उमेदवार का निवडला, हे पक्षाने ४८ तासांत जाहीर करावं आणि केवळ 'निवडून येण्याची क्षमता' हे कारण चालणार नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा फेब्रुवारी २०२० चा आदेश आहे. मग विद्यमान खासदाराला वगळताना दोन ओळींचं कारण का नको? 'त्यांची अमुक विधानं आम्हाला मान्य नाहीत' एवढं लिहिलं असतं, तरी शर्मांना प्रत्येक सभेत त्यावर बोलावं लागलं असतं.

पारावरचा:
असं कारण लिहून देणारा पक्ष देशात एकही नाही, तुमचा आवडताही नाही. वर्तमानपत्रांत नाही नाही ते छापून येतं, त्यापेक्षा गप्प राहून बदल करणं मला जास्त सभ्य वाटतं. ज्याला काढलं त्याचीही पाच वर्षांची कामं असतात, कार्यकर्ते असतात.

रेवाकाठ:
कार्यकर्त्यांचा मुद्दा खरा आहे. कारण लिहिलं तर ते दुखावतील, म्हणूनच पक्ष लिहीत नाही. पण मग दुखावलेला मतदार कोणाच्या हिशेबात धरायचा, हे तुम्ही सांगा.