केटामाइन: नैराश्यासाठी कोणी घेतलंय का?

रातकिडा: अकरा वर्षांचं नैराश्य. चार गोळ्या बदलून झाल्या, तरी आंघोळीला उठेपर्यंत दुपार होते. आता डॉक्टर केटामाइन म्हणतायत. ते भुलीचं औषध ना?

आळशी मांजर: तेच, पण डोस भुलीच्या डोसापेक्षा बराच कमी. संशोधनात वजनाच्या किलोमागे ०.५ मिलिग्रॅम, शिरेतून, ४० मिनिटांत. २००६ च्या अमेरिकेतल्या चाचणीत दोन तासांतच फरक दिसला होता. एका डोसाचा असर मात्र टिकत नाही.

जुनी छत्री: मी घेतलंय. छत लांब गेलं, हात परके वाटले, तासाभरात उतरलं. तिसऱ्या दिवशी आपणहून उशीचा अभ्रा बदलला. एवढंच! रक्तदाब चढतो हं, आधी तपासून घ्या.

रातकिडा: अभ्र्याचं वाचून हसूच आलं. माझाही तसाच पडलाय.