नुसते फॉसिल पुरत नाहीत भाऊ

वर एकानं विचारलंय की फॉसिलवरून थराचं वय कळतंच, मग दगडाच्या केमिस्ट्रीवर खर्च कशाला. अहो भाऊ, फॉसिल असायला तर पाहिजेत नं! नॉर्थ सीमधले (ब्रिटन-नॉर्वेच्या मधला समुद्र) ट्रायासिक काळातले, म्हणजे साधारण २०-२५ कोटी वर्षांपूर्वीचे, लाल वाळूचे थर घ्या, सगळा नद्या-वाळवंटातला गाळ, त्यात समुद्री फोरॅमिनिफेरा (म्हणजे फोरॅम, कवचवाले सूक्ष्म एकपेशी जीव) कुठून येणार, परागकण पण ऑक्सिडेशनमध्ये बहुतेक गेलेले, मग तिथे झिर्कोनियम, टायटॅनियम, थोरियम, क्रोमियम यांचे रेशो काढून तेलाच्या दोन विहिरींतले थर जुळवतात. गाळ कुठल्या डोंगरातून आला ते बदललं की रेशो बदलतो.

पण नुसती केमिस्ट्री वय सांगत नाही, तोच पॅटर्न वर-खाली परत येऊ शकतो.

त्यात ड्रिलिंग करताना वर येणाऱ्या दगडाच्या चुऱ्याची भानगड वेगळीच. वरचा दगड ढासळून खालच्या चुऱ्यात मिसळतो, म्हणून विहीर खाली जाताना एखादी फोरॅमची जात पहिल्यांदा कुठे दिसली तेच धरायचं, शेवटची कुठे दिसली त्यावर काही भरवसा नाही. अन् बेरियमचा मोठा आकडा बघून उड्या मारू नका, ड्रिलिंगच्या चिखलात वजनासाठी बराइट (बेरियमचंच खनिज) टाकलेलं असतं!

नागपुरात तेल नाही, पण केमिस्ट्री अन् फॉसिल दोन्ही गोष्टी आपल्याकडे आहेतच की. सह्याद्रीतले बसाल्टचे थर डोळ्याला सारखेच काळे, त्यातले आंबेनळी, महाबळेश्वर हे गट मुख्यतः केमिस्ट्रीवरून वेगळे केलेत, अन् इथे टाकळीला लाव्हाच्या थरांमधल्या गाळात फायसा नावाच्या गोगलगायींचे फॉसिल, ज्यांच्यावर हिस्लॉप आणि हंटर या नागपुरातल्या मिशनऱ्यांनी १८५० च्या दशकातच लिहिलंय.