मदत हवी आहे : २००० च्या नोटा सोसायटीच्या खात्यात जमा होतील का?

निपाणीकर :
नमस्कार मंडळी. आज्जीच्या पश्चात तिच्या ट्रंकेत २००० च्या अकरा नोटा, जुन्या ५०० च्या चार आणि मागे साल न छापलेल्या (म्हणजे २००५ च्या आधीच्या) थोड्या शंभराच्या निघाल्या. तिचा सगळा व्यवहार गावातल्या सौहार्द सोसायटीत, म्हणजे सहकारी पतसंस्थेत. रोजची थोडी थोडी बचत गोळा करणारा पिग्मीवाला दारात यायचा, बँकेची पायरी ती चढलीच नाही. आईचंही खातं तिथंच. मॅनेजर म्हणतात, "आम्हीच बँकेत भरणा करतो, या नोटा घेऊन काय करू?" बँकेतला कॅशियर म्हणतो, ७ ऑक्टोबर २०२३ नंतर घेत नाही, रिझर्व्ह बँकेत जा. म्हणजे बंगळूर नाहीतर मुंबई, आणि आईचे गुडघे हे असे. पोस्टानं पाठवता येतात म्हणे. अर्जावर सोसायटीचा खाते नंबर चालेल का? पासबुक तर बँकेसारखंच आहे.

खानापूरचा पाहुणा :
नाही चालणार. पैसे बँक खात्यातच जमा होतात आणि सोसायटी म्हणजे बँक नव्हे, पासबुक कसंही दिसू दे. सौहार्द सोसायट्या कर्नाटकाच्या १९९७ च्या कायद्याखाली, सभासदांपुरत्या. त्यांना रिझर्व्ह बँकेचा परवाना नाही, ठेवीवर पाच लाखांचा विमाही नाही. (परवाना असलेली सहकारी बँक असेल तर गोष्ट वेगळी.) आधी आईंचं बँकेत खातं काढा. मग रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरचा अर्ज भरून नोटांसह तिच्या बंगळूरच्या इश्यू ऑफिसला (नोटांचं काम पाहणाऱ्या कार्यालयाला) पोस्टानं पाठवा. साध्या पाकिटात नको, विमा उतरवून. समक्ष गेलात तर एका वेळी २०,००० पर्यंतच बदलून मिळतात, म्हणजे तुमची अकरावी नोट राहिली असती. खात्यात भरायला ती मर्यादा नाही.

जुन्या ५०० च्या विसरा, त्यांची मुदत ३० डिसेंबर २०१६ लाच संपली. दहापर्यंत जवळ ठेवायला कायद्याची आडकाठी नाही, फ्रेम करा हवं तर. कमिशनवर बदलून देतो म्हणणाऱ्यांच्या मात्र नादी लागू नका.

निपाणीकर :
आणि शंभराच्या?

खानापूरचा पाहुणा :
त्या बाद नाहीत बघा. दुकानदार उगीच नाक मुरडतात. फक्त बदलायची सोय १ जुलै २०१६ पासून रिझर्व्ह बँकेच्या ठरावीक ऑफिसांतच आहे.

निपाणीकर :
विम्याचं टपाल गावच्या पोस्टात घेतील, की चिकोडीला जावं लागेल?

खानापूरचा पाहुणा :
नोटा घरीच ठेवून आधी पोस्टमास्तरांना विचारून या की.