अभिरूप न्यायालय आणि दुभाषा

अभिरूप न्यायालय (विद्यार्थ्यांनी वकील, साक्षीदार होऊन लढवलेला कल्पित खटला) म्हणजे वक्तृत्व स्पर्धेचेच दुसरे रूप, असे एक मत मांडले जाते. ते मला पटत नाही. वक्तृत्वात पाठांतर निभावून नेते. येथे उलटतपासणीत समोरच्याने अनपेक्षित उत्तर दिले की पाठांतर तिथेच संपते. अमेरिकेत १९८४ पासून भरणाऱ्या शालेय राष्ट्रीय स्पर्धेत प्रत्येक संघाला आळीपाळीने दोन्ही बाजू लढवाव्या लागतात, तेव्हा ठरावीक भाषण फारसे उपयोगी पडत नाही.

आपल्या सीमाभागापुरता मात्र एक मुद्दा या चर्चेत आलेला नाही, तो दुभाषाचा. साक्षीदार न्यायालयाच्या भाषेखेरीज अन्य भाषेत बोलला, तर त्याची साक्ष त्याच भाषेत नोंदवता येते, आणि ते शक्य नसल्यास तिचा भाषांतरित मजकूर तयार करावा लागतो, अशी तरतूद १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २७७ मध्ये होती. कर्नाटकातील खानापूर तालुक्यातील आमच्या मराठी शाळेत नववीच्या मुलांकडून ऊसचोरीचा कल्पित खटला बसवताना आम्ही म्हणूनच न्यायालयाची भाषा कन्नड धरून न्यायाधीशांपुढे कन्नड दुभाषा उभा केला. साक्षीदार मुलगी म्हणाली, “मी बांधावर उभी होते.” दुभाषाने ‘बदु’ (शेताचा बांध) या कन्नड शब्दाऐवजी ‘कट्टे’ (कट्टा, पार) म्हटले, आणि बचाव पक्षाच्या मुलाने (घरी कन्नड बोलणारा तो एकटाच) लगेच विचारले, “म्हणजे तुम्ही शेतात नव्हता, झाडाखालच्या कट्ट्यावर होता, हे खरे ना?” मुलगी गडबडली. सूचक प्रश्न, म्हणजे हवे ते उत्तर सुचवणारा प्रश्न, उलटतपासणीत चालतो, हे त्याला नीट ठाऊक होते. उलटतपासणीनंतर आपल्याच साक्षीदाराला पुन्हा प्रश्न विचारताना, म्हणजे फेरतपासणीत, तो शब्द दुरुस्त करून घेता येतो, हे फिर्यादी पक्षाला मात्र सुचलेच नाही.