मदत हवी आहे: जुनी ऑक्टाव्हिया आरएस २३० घेण्याआधी परफॉर्मन्स टेस्ट कशी करावी?

नमस्कार मंडळी,
पुण्यात २०१८ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २३० बघतोय. ६८,००० किमी, दुसरा मालक, ‘गाडी पूर्ण स्टॉक आहे’ (म्हणजे कंपनीतून आली तशीच) असं सांगतात. टेस्ट ड्राइव्हला तासभर मिळेल, स्कॅनर लावायलाही हरकत नाही. कंपनीचा ०-१०० किमी/तास वेगाचा आकडा ६.८ सेकंद आहे. जीपीएस अ‍ॅपवर तो काढला तर इंजिन आणि टर्बोची तब्येत कळेल का?

प्रतिसाद १
०-१०० च्या नादाला लागू नका, रहदारीच्या रस्त्यावर तर नाहीच. टायर, रस्त्याचा चढ-उतार, गाडीतली माणसं, हवेतली उष्णता यांनी तो आकडा सहज हलतो. पुढची चाकं जागच्या जागी घसरली काय नि टर्बो थकलेला असला काय, आकडा सारखाच वाईट येतो.

त्यापेक्षा तिसऱ्या गियरमध्ये लॉग (स्कॅनरने चालू गाडीतल्या आकड्यांची नोंद) घ्या. साधा ओबीडी डोंगल पुरत नाही, मागितलेला बूस्ट (इंजिनचा कॉम्प्युटर टर्बोकडून मागतो तो हवेचा दाब) दिसायला हवा. व्हीसीडीएस किंवा ओबीडीइलेव्हन हा स्कॅनर आणा. तेल ९० अंशांच्या आसपास आलं की मोकळ्या, सपाट रस्त्यावर डीएसजी (ऑटोमॅटिक गियरबॉक्स) मॅन्युअलवर टाका, २००० आरपीएमपासून ४५०० पर्यंत ओढा. वेग शंभराच्या आत राहतो आणि ३५० एनएम टॉर्कचा सगळा पट्टा (१५०० ते ४६०० आरपीएम) जवळजवळ तपासून होतो. पेडल तळाच्या किकडाउन स्विचपर्यंत दाबू नका, नाहीतर गियर खाली पडेल आणि लॉग वाया जाईल. शेजारी बसलेल्याने लॅपटॉप सांभाळायचा, चालवणाऱ्याने नाही.

बघायचं काय? मागितलेला बूस्ट आणि प्रत्यक्ष बूस्ट. टर्बो भरल्यावर दोन्ही रेषा जवळजवळ चिकटून चालल्या पाहिजेत. प्रत्यक्ष रेषा सतत खाली राहिली तर पाइप, इंटरकूलर किंवा टर्बोचा दाब सांभाळणारे डायव्हर्टर व्हॉल्व्ह, वेस्टगेट यांपैकी कशात तरी दोष. सोबत प्रत्येक सिलेंडरचं इग्निशन रिटार्ड (ठिणगी किती मागे ढकलली जातेय ते) घ्या: चारही मागे येत असतील तर आधी पेट्रोलवर संशय, एकच येत असेल तर त्या सिलेंडरवर. आरपीएम चढतंय पण वेग त्या प्रमाणात वाढत नाही, म्हणजे क्लच घसरतोय.

प्रतिसाद २
वरचं सगळं बरोबर, पण त्याआधी दोन गोष्टी. इंजिन गार असतानाच सुरू करायचं, हे मालकांना आदल्या दिवशीच सांगा. पोचल्यावर बॉनेटखाली हात लावून खात्री करा. आणि स्कॅन आधी, ड्राइव्ह नंतर. ‘कोड (दोषांच्या नोंदी) पुसल्यापासूनचं अंतर’ वीस-तीस किमी निघालं किंवा रेडिनेस मॉनिटर (गाडीच्या स्वतःच्या तपासण्या) अपूर्ण दिसले, तर नुकतंच काहीतरी पुसलेलं असू शकतं.

वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं प्लास्टिक हाउसिंग टॉर्च मारून बघा. या इंजिनात ते गळतं. गळलेल्या कूलंटची गुलाबी कोरडी पपडी हीच खूण. डीएसजीचं तेल आणि फिल्टर ६०,००० किमीला बदलायचं असतं, म्हणजे या गाडीचं झालेलं असायलाच हवं. बिल मागा, तोंडी उत्तर धरू नका.

धागाकर्ता
आधी ट्यून केली असेल (ताकद वाढवायला इंजिनचं सॉफ्टवेअर बदललं असेल) आणि विकताना स्टॉक फाइल, म्हणजे मूळ सॉफ्टवेअर, परत टाकली असेल तर?

प्रतिसाद १
लॉगमध्ये दिसणार नाही. अधिकृत वर्कशॉपमध्ये व्हीआयएनवर (चासी नंबरवर) ‘टीडी१’, म्हणजे ट्यून केल्याची कंपनीकडची नोंद आहे का, ते मालकांना सोबत नेऊन विचारा. नोंद नसली म्हणजे ट्यून झालीच नव्हती असं मात्र नाही. म्हणून कॉम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलेंडरमधला दाब मोजणं) करून घ्या: इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, इंधन आणि इग्निशन बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी चार्ज. चार आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. एखादा बाकीच्यांपेक्षा १५ टक्क्यांहून खाली असेल तर लीकडाउन (सिलेंडरमध्ये हवा भरून ती कुठून गळते ते बघणं) करा. हवा ऑइल फिलरमधून फुसफुसली तर पिस्टनची रिंग, इनटेकमधून आली तर व्हॉल्व्ह. रिंगचा दोष निघाला तर ही गाडी सोडा.